दिव्यांग प्रमाणपत्र आणि पेन्शनसाठी वैद्यकीय कागद कसे जमवायचे: देवगडच्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भाऊ ४३ वर्षांचा, ट्रॉलरवर खलाशी. जाळं ओढायच्या यंत्राच्या, म्हणजे विंचच्या, दोरात उजवा हात सापडला आणि त्याच झटक्यात डेकवर आपटून उजव्या पायाचा घोटाही मोडला. दोन बोटं गेली, मनगट आखडलं, कोल्हापूरला ऑपरेशन झालं. पुढे दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाने ३० टक्क्यांचं प्रमाणपत्र दिलं. तहसीलमध्ये ४० टक्के लागतात, म्हणून संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या पेन्शनचा अर्ज तिथेच अडला. "फाइल एवढी जाड आहे, एमआरआय आहे, सगळे रिपोर्ट आहेत, आणखी कोणता कागद हवा होता?" असं तुम्ही विचारलंय.

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी झाली. बोर्डाच्या दिवशी येणाऱ्या फाइली चाळणं हे माझं रोजचंच काम होतं, त्यामुळे तुमच्या फाइलीत काय असेल याचा अंदाज मला आहे. डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, बिलं, स्कॅन. हे सगळे उपचाराचे कागद झाले. डॉक्टरांनी काय केलं ते त्यातून कळतं. भावाला आज काय करता येत नाही, हे मात्र त्यातल्या एकाही कागदावर नसेल. आणि बोर्ड मोजतं ते नेमकं तेच. एमआरआयमध्ये इजा कितीही मोठी दिसली तरी स्कॅनला टक्के मिळत नाहीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार कसा मोजायचा याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये काढली, २०२४ मध्ये त्यांत सुधारणाही झाली. हाताच्या बाबतीत सांध्याची हालचाल अंशांत मोजतात, स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी लिहितात, पंजाची पकड आणि स्पर्शज्ञान पाहतात. शिवाय रोजच्या हालचालींची एक यादी असते. डोक्यावरची वस्तू काढून परत जागेवर ठेवणं, हाताने जेवणं, केस विंचरणं, सदरा घालणं, शौचानंतर धुणं, पेल्याने पाणी पिणं, बटणं लावणं, नाडी बांधणं, लिहिणं. ही यादी आज रात्री भावासमोर बसून वाचा. प्रत्येक कामापुढे लिहा: उजव्या हाताने होतं, अर्धवट होतं, की होत नाही. डाव्या हाताने किंवा वहिनींच्या मदतीने होत असेल तर तेही लिहा. तो उजव्या हाताने भात कालवून जेवू शकत नसेल आणि चमच्याने डाव्या हाताने जेवत असेल, तर ही गोष्ट कुठल्याही स्कॅनपेक्षा कामाची आहे.

पण घरी लिहिलेला कागद एकटा पुरत नाही. त्याला सरकारी केस पेपरचा आधार हवा, आणि तो मिळवायचा मार्ग म्हणजे फिजिओथेरपी. भावाला जिल्हा रुग्णालयाच्या किंवा कणकवली-सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात नेऊन नोंद करा. तिथे मनगट किती अंश वाकतं, किती उलटतं, मूठ किती वळते, अंगठा करंगळीपर्यंत पोचतो का, हे मोजून तारखेसह लिहून घ्या. अंतराअंतराने हेच पुन्हा मोजून घ्या. तीन-चार महिन्यांच्या नोंदींत आकडा तिथल्या तिथेच राहिला, तर उपचार करूनही सुधारणा थांबली आहे हे कागदच सांगतो. बोर्डावरचे अस्थिरोग तज्ज्ञ माणसाला पाच-दहा मिनिटं पाहतात, त्यांच्या मनात पहिली शंका असते ती हीच की हे अजून सुधारणार आहे का. तिचं उत्तर या नोंदींत मिळतं. फाइलीत एकच नवीन कागद घालता येणार असेल तर मी हा घालेन. बोटांना बधिरपणा असेल तर नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, करून घ्यायला सांगा, कारण बधिर हाताची पकड दिसायला ठीक असते आणि त्याच हातातून गरम भांडं निसटतं.

आता घोट्याकडे वळू. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात घोट्याचा उल्लेख एका ओळीत आहे, आणि माझा समज आहे की बोर्डासमोरही तो एवढाच झाला असणार. प्रमाणपत्र काढा आणि टक्क्यांच्या आसपासची ओळ वाचा. दिव्यांगत्व शरीराच्या कोणत्या भागाच्या संदर्भात आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे फक्त उजवा हात असेल, तर घोटा मोजलाच गेलेला नाही. पाय मोजताना हालचाल आणि ताकद तर पाहतातच, शिवाय सपाटीवर आणि उतारावर चालणं, जिना चढणं, एका पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं हेही पाहतात. भाऊ उकिडवा बसू शकत नसेल, घाटीच्या पायऱ्या उतरताना आधार लागत असेल, तर तेही वरच्याच पद्धतीने केस पेपरवर यायला हवं. घोट्याचा जुना आणि आत्ताचा असे दोन्ही एक्स-रे जोडा.

दोन अवयवांचे टक्के सरळ बेरजेने धरत नाहीत. मोठा आकडा अ आणि लहान आकडा ब धरला, तर अ + ब × (९० − अ) ÷ ९० असं सूत्र आहे. नुसतं समजण्यासाठी धरा की हात ३० आणि घोटा १८. बेरीज ४८ होते, पण सूत्राने १८ गुणिले ६० भागिले ९० म्हणजे १२, आणि एकूण ४२. भावाचा घोटा किती भरेल ते बोर्डच ठरवेल, मी आकड्याचा शब्द देऊ शकत नाही. पण ३० आणि ४० यांच्यातलं अंतर मोजायचं राहून गेलेल्या एका अवयवात असू शकतं, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

पहिल्या कागदाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे. समुद्रावर अपघात झाला की माणूस बंदरावर येईपर्यंत तास जातात. मग जवळच्या दवाखान्यात कुणीतरी घाईत सांगतं, "घरी पडला." कधी पोलिसांची भीती असते, कधी बोटमालकाला त्रास नको म्हणून, कधी मालकानेच सांगितलेलं असतं. पहिल्या केस पेपरवर तेच उतरतं आणि पुढच्या प्रत्येक कागदावर त्याचीच नक्कल होत जाते. दिव्यांग प्रमाणपत्राला यामुळे फार बाधा येत नाही, कारण तिथे अपघात कुठे झाला यापेक्षा अवयव आज कसा आहे हे महत्त्वाचं. पण विमा किंवा नुकसानभरपाईचा दावा असेल तर तो याच ओळीवर अडतो. भावाच्या पहिल्या कागदावर काय लिहिलंय ते आज पाहा. चुकीचं असेल तर त्यावर खाडाखोड करायला कुणालाही सांगू नका. खाडाखोड झालेला कागद पूर्ण फाइलीवरचा विश्वास घालवतो. त्याऐवजी त्या दिवशी बोटीवर असलेल्या खलाशांचे जबाब, मच्छीमार सोसायटीचं पत्र, बोट त्या दिवशी समुद्रात गेल्याची नोंद, असे वेगळे पुरावे जोडा. रुग्णालयाने एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, केली असेल तर तिचा नंबर लिहून घ्या.

कोल्हापूरचे आंतररुग्ण, म्हणजे दाखल असतानाचे, कागद लगेच मागवा. डिस्चार्ज कार्ड हा फक्त सारांश असतो. मला हवी असते ती ऑपरेशनची नोंद, ज्यात कोणते स्नायुबंध (टेंडन) आणि कोणत्या नसा तुटल्या होत्या आणि काय जोडता आलं नाही ते लिहिलेलं असतं. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या असतात, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, भावाची सही किंवा डाव्या हाताचा अंगठा घ्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ऑपरेशन सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं असेल तर मंजुरीसाठी एक्स-रे आणि जखमेचे फोटो योजनेकडे पाठवलेले असतात, त्यांच्याही प्रती मागा. सिंधुदुर्गातली बरीच माणसं गोव्याला बांबोळीला जातात, काही मुंबईला. राज्य कुठलंही असो, तिथला कागद इथल्या बोर्डाला चालतो. फक्त तो बोर्डाच्या हातात असायला हवा, "तिकडे आहे" असं सांगून काही होत नाही.

यानंतर बोर्डासमोर काय बोलायचं ते. आपल्याकडच्या माणसाला, त्यातही दर्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला, कुणी "कसे आहात?" विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "बरो आसय." डॉक्टर विचारतात, हात चालतो का? तो म्हणतो, चालतो. खरं तर तो हात कसाबसा चालवतो, रात्री ठणक लागते, जाळ्याची गाठ मारता येत नाही, पण हे परक्यासमोर बोलणं त्याला कमीपणाचं वाटतं. हा स्वाभिमान मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याच्यापायीच मी कितीतरी माणसांना कमी टक्के घेऊन परत जाताना पाहिलंय. भावाला आधी समजावून सांगा की इथे दया मागायची नाही, विचारलं तेवढं खरं सांगायचं. "चालतो" म्हणण्याऐवजी "कळशी उचलता येत नाही, बटण लावता येत नाही, वीसेक पावलांनंतर घोटा दुखतो" असं सांगायचं. उलट टोकही टाळा. होत असलेली हालचाल होत नाही असं दाखवलं तर तज्ज्ञांना ते लगेच कळतं, कारण ते तोच सांधा स्वतःच्या हाताने वाकवून पाहतात. एकदा शंका आली की खऱ्या त्रासालाही कमी गुण पडतात. आणि "अमुक टक्के करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. खोट्या आधारावर लाभ घेतला तर २०१६ च्या याच दिव्यांग कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

पुन्हा बोर्डाकडे जायचा रस्ता कोणता, हे प्रमाणपत्रावरूनच ठरेल. त्यावर ते तात्पुरतं आहे की कायमचं, सुधारण्याची शक्यता आहे की नाही, फेरतपासणी लागेल की नाही, हे छापलेलं असतं. तात्पुरतं असेल तर मुदतीआधी नूतनीकरणाचा अर्ज करा आणि तेव्हा वरची सगळी नवीन फाइल द्या. कायमचं असेल तर कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं. अपिलाची मुदत किती आणि ते कुणाकडे करायचं, हे जिल्हा रुग्णालयाच्या दिव्यांग कक्षात याच आठवड्यात विचारून घ्या. माझं मत असं की जुन्याच कागदांवर केलेलं अपील सहसा जुन्याच आकड्यावर येऊन थांबतं. आधी फिजिओथेरपीच्या नोंदी आणि घोट्याची तपासणी सुरू करा, आणि अपील करायचंच असेल तर मुदत चुकू देऊ नका. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच, म्हणजे संकेतस्थळावरूनच, होतो. राहता तो किंवा उपचार चालू असलेला जिल्हा निवडता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित नियमांत निर्णयासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. दिव्यांग ओळखपत्र ४० ते ७९ टक्क्यांना पिवळं, ८० आणि त्यावर निळं, ४० च्या आत पांढरं असतं.

संजय गांधी योजनेसाठी ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्राबरोबर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावाही लागतो. २०२५ च्या ऑक्टोबरपासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिना २,५०० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवू नका. त्याची मुदत असते, आणि बोर्डाची तारीख लांबली की तो शिळा होतो.

तुम्ही विचारलं नाही, पण विम्याचं पाहायलाच हवं, कारण तिथे प्रश्नच वेगळा असतो आणि वेळही कमी. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यात नोंद असलेल्या मच्छीमाराला कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी अडीच लाख आणि इस्पितळात दाखल झाल्यास २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. भावाचं नाव नोंदलेलं होतं का, हे सोसायटीत आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात विचारा. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमाही आहे, पण तो एका हाताचा किंवा पायाचा वापर पूर्ण गेला तर १ लाख देतो. दोन बोटं गेली एवढ्यावर तो मिळेल असं मला वाटत नाही. म्हणजे एका ठिकाणी टक्के विचारतात, दुसऱ्या ठिकाणी अवयवाचा वापर गेला का असं विचारतात. डॉक्टरांकडून पत्र घेताना हे पत्र कुठे द्यायचं आहे ते त्यांना सांगा, म्हणजे ते त्या प्रश्नाचं उत्तर लिहितील. नुसतं "रुग्ण काम करू शकत नाही" असं पत्र कुठेच चालत नाही.

तुमचा प्रश्न वाचून आणखी घरांना आपलंच दुखणं आठवेल, म्हणून थोडं त्यांच्यासाठीही. आंब्यावरून किंवा माडावरून पडून मणक्याला मार लागलेल्या माणसाच्या घरचे पायांबद्दल सांगतात आणि लघवी-शौचावर ताबा नाही हे लाजेने सांगत नाहीत. ते केस पेपरवर यायलाच हवं. पक्षाघातासारख्या मेंदूच्या आजारांत साधारण सहा महिने गेल्याशिवाय टक्के ठरवत नाहीत, पण म्हणून त्या सहा महिन्यांत दवाखाना सोडू नका, याच काळातल्या नोंदी पुढे लागतात. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच भरतात, हे ऐकून खूप जणांना धक्का बसतो. मानसिक आजारात गेल्या दोन वर्षांत किती महिने आजार होता हे विचारतात. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचे सलग केस पेपर तिथे उपयोगी पडतात, मध्येच बंद केलेले उपचार नाहीत. आणि डायलिसिसवर असलेल्यांनी बोर्डाच्या फेऱ्या मारू नयेत. मूत्रपिंडाचा आजार त्या २१ प्रकारांत नाही. संजय गांधी योजनेत दुर्धर आजाराचं वेगळं कलम आहे, त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचा किंवा शासकीय रुग्णालयाच्या अधीक्षकांचा दाखला लागतो. आपला आजार त्यात बसतो का, ते आधी तहसीलच्या संजय गांधी शाखेत विचारा.

शेवटी कागद सांभाळण्याचं, कारण आपल्याकडे पावसाळा चार महिने घरात शिरतो. एक्स-रेच्या फिल्म एकमेकींना चिकटतात, शाई पसरते. फिल्म एकावर एक न ठेवता मध्ये कोरे कागद घाला आणि फाइल पत्र्याच्या पेटीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ईसीजी आणि काही मशीनचे रिपोर्ट गुळगुळीत थर्मल कागदावर येतात, ते काही महिन्यांत पुसट होतात. त्यांची झेरॉक्स लगेच काढा आणि ते कधीही लॅमिनेट करू नका, उष्णतेने पूर्ण काळे होतात. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडासमोर धरून काढा. बोर्डाच्या दिवशी फाइल तारखेच्या क्रमाने लावा, पण सगळ्यात वर फिजिओथेरपीच्या नोंदी आणि रोजच्या कामांची ती यादी ठेवा. देवगडहून ओरोसला, जिल्हा रुग्णालयाकडे, जाणारी पहिली गाडी पकडा, दुपारनंतर नंबर लागत नाही म्हणून परत यायची वेळ भावाच्या घोट्यावर आणू नका. आणि बरोबर वहिनींना न्या, रोजचं काय अडतं ते त्यांच्याइतकं कुणाला सांगता येणार नाही.